धावती व्हॅन मध्येच बंद पडते: दोष कसा शोधावा?

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट लहानपणी शिकवली जाते. ताक्यात दोष दिसला की आधी मागवाल्याला शिव्या द्यायच्या नाहीत. ताका टेबलावर उलगडायचा आणि दोष कुठे कुठे आला आहे ते पाहायचे. ताक्याच्या लांबीभर एकच रेघ असेल तर फणीचा दात वाकला असेल किंवा ताण्याचा धागा सुटला असेल. ठरावीक अंतरावर तोच डाग पुन्हा पुन्हा येत असेल तर मागाचा फिरणारा एखादा भाग खराब आहे. दोष कधी येतो आणि कधी येत नाही, हे कळले की निम्मे काम झाले.

हा तजुर्बा आम्ही तीस वर्षे दुकानात वापरला, पण स्वतःच्या गाडीसाठी वापरला नाही. त्याची किंमत आम्हाला पैशात आणि माणसातही मोजावी लागली. आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांकडे आजही जुनी व्हॅन आहे. माल पोचवायचा, उधारी वसूल करायची, बाजाराच्या दिवशी दोन गाठी टाकून निघायचे, या सगळ्याला तीच उपयोगी पडते. म्हणून हा धडा येथे देत आहोत.

आमची हकिकत

मालेगावहून नाशिककडे आमचा माल आठवड्यातून दोनदा जात असे. गाडी १९९६ सालची, पेट्रोलवर चालणारी, कार्बोरेटरची. २०११ साली दिवाळी २६ ऑक्टोबरला होती आणि बकरी ईद ७ नोव्हेंबरला. दोन्ही सणांचा माल एकदम निघाला होता. नेमक्या त्याच दिवसांत मुंबई-आग्रा रस्त्यावर, चांदवडच्या अलीकडे राहूड घाटात गाडी बंद पडू लागली. आधी दोन-चार झटके, मग ताकद कमी, मग एकदम शांत. दहा-पंधरा मिनिटे थांबले की सेल्फ मारताच पुन्हा चालू. गॅरेजमध्ये नेली की दिवसभर घड्याळासारखी चाले.

एका पहाटे ती घाटाच्या वळणावर बंद पडली आणि मागून भरलेला ट्रक आला. ट्रकवाल्याने वेळेवर कापली म्हणून आमचा ड्रायव्हर वाचला. त्या दिवशी नाशिकच्या गिऱ्हाइकाला माल दुपारी मिळाला, आणि पुढच्या सीझनची त्याची ऑर्डर दुसरीकडे गेली.

आम्ही काय केले? एकामागून एक सामान बदलत गेलो. तीन प्लग २४० रुपये. कार्बोरेटर खोलून साफ केला, नवे किट टाकले, ९०० रुपये. कॉइल ६०० रुपये. इंजिनवरचा पेट्रोल पंप ७५० रुपये. कोणी म्हणाले, ड्रायव्हरला चढावर क्लच सांभाळता येत नाही. क्लच प्लेट मजुरीसकट ३,४०० रुपये. दोन वेळा गाडी ओढून आणली, त्याचे ३,००० रुपये. एकूण ८,८९० रुपये. गाडी राहूड घाटात बंद पडतच राहिली.

शेवटी आमच्या मनात संशय आला की ड्रायव्हर पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून वरचे पैसे खातो. नऊ वर्षे आमच्याकडे असलेला माणूस. आम्ही त्याला दुकानात सर्वांसमोर बोललो आणि पंधरा दिवसांचा पगार कापला. तो काही न बोलता किल्ली ठेवून निघून गेला.

आधी वही, मग पाना

ड्रायव्हर गेल्यावर गाडी आमचा पुतण्या चालवू लागला. तिसऱ्याच खेपेला ती त्याच्याही हातात बंद पडली. तेव्हा मात्र आमचे डोळे उघडले. शहरातल्या एका वयस्कर उस्तादांकडे गेलो. त्यांनी बोनेट, सीट काहीच उघडले नाही. फक्त विचारले, "किती वाजता बंद पडते? निघाल्यापासून किती वेळाने? टाकीत पेट्रोल किती असते? झटके देऊन की दिवा विझल्यासारखी?" आम्हाला एकाही प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही. ते म्हणाले, "सेठ, उधारीची वही ठेवता, तशी गाडीची ठेवा. महिनाभराने या."

मधूनमधून येणाऱ्या दोषाचे हेच खरे औषध आहे. जो दोष कायम असतो तो मिस्त्रीला गॅरेजमध्ये दिसतो. जो कधी येतो, कधी जातो, तो फक्त गाडी चालवणाऱ्याला दिसतो. त्याने पाहिलेले लिहिले नाही तर मिस्त्री अंदाजानेच सामान बदलणार. वहीत एवढे खाने ठेवावेत:

१. तारीख, वेळ, हवा थंड की गरम, पाऊस होता का.
२. निघाल्यापासून किती मिनिटांनी, किती किलोमीटरवर.
३. टाकीत पेट्रोल किती.
४. माल भरलेला की गाडी रिकामी, चढ की सपाट रस्ता.
५. एकदम बंद की झटके देत.
६. बंद झाल्यावर मीटरमधले लाल दिवे लागले होते का.
७. किती वेळाने, आणि काय केल्यावर पुन्हा चालू झाली.
८. दुखणे सुरू होण्याआधी गाडीत काय बदलले, काय दुरुस्त केले.

हा शेवटचा खाना सर्वांत महत्त्वाचा आहे. तो का, ते पुढे येईल.

बंद पडण्याच्या तऱ्हा

पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि योग्य क्षणी ठिणगी. बंद पडण्याची तऱ्हा पाहिली की यातले काय तुटले याचा अंदाज येतो.

*दिवा विझल्यासारखी एकदम बंद:* हा बहुधा विजेचा दोष. चावीचा स्विच, बॅटरीचे सैल टर्मिनल, कॉइलची तार, फ्यूज. खड्ड्यातून गेल्यावर असे होत असेल तर सैल जोडणीच शोधावी. चावीला दुकान, गोदाम, घर अशा दहा किल्ल्यांचा जुडगा लटकवण्याची आपल्याला सवय आहे. त्या वजनाने स्विच आतून झिजतो. गाडीची किल्ली वेगळी ठेवावी.

*इंजिन तापल्यावर एकदम बंद, वीस-तीस मिनिटे थंड झाले की चालू:* कॉइल, कंडेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटरमधला इलेक्ट्रॉनिक भाग तापून सोडतो. थंड गाडीवर तपासले तर हे सामान चांगलेच दिसते. तपासणी बंद पडल्याच्या क्षणीच व्हायला हवी.

*झटके, ताकद कमी, मग बंद:* हे पेट्रोल न पोचण्याचे लक्षण. कार्बोरेटरमधल्या लहानशा वाटीत थोडे पेट्रोल शिल्लक असते. मागून येणे थांबले की गाडी तेवढ्यावर थोडी चालते, धडपडते आणि बंद होते. फिल्टर, पंप, तडकलेला रबरी पाइप, टाकीतला गंज, ही ठिकाणे पाहावीत.

*फक्त सिग्नलला, पाय काढल्यावर बंद:* मंद चालण्याचा बारीक जेट कचऱ्याने भरलेला, हवेचा एखादा पाइप फाटलेला, किंवा कार्बोरेटरवरचा विजेचा लहान वॉल्व्ह काम करत नाही. ज्या कार्बोरेटरला असा वॉल्व्ह असतो तेथे चावी लावताच "टिक" असा बारीक आवाज यायला हवा.

*फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर:* प्लगच्या जाड तारा आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी. टोपीला केसासारखा तडा असला तरी ओल धरून करंट भलतीकडे जातो.

बंद पडल्या जागी काय पाहावे

सर्वांत आधी जीव. गाडी बंद होताच डावीकडे घ्यावी. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन वेळा दाबल्यावर संपते. म्हणून ब्रेक वारंवार न दाबता एकदाच जोर लावून धरावा. गाडी थांबेपर्यंत चावी पूर्ण मागे फिरवू नये, स्टिअरिंग लॉक होते. हँडब्रेक, चाकाखाली दगड, मागे त्रिकोण, आणि माणसांनी रस्त्यापासून दूर उभे राहावे. जागा धोक्याची असेल तर तपासणी सोडून द्यावी. गाडी ओढून नेण्याचे भाडे जिवापेक्षा महाग नाही.

जागा सुरक्षित असेल तर चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली: चावी चालू ठेवून मीटरचे लाल दिवे पाहावेत. दिवे लागतच नसतील तर बॅटरीपासून स्विचपर्यंतच्या वाटेत दोष आहे. दिवे लागत असतील तर ती वाट बहुतेक ठीक आहे, पुढे पाहावे.

दुसरी: ठिणगी. एक जास्तीचा प्लग गाडीत ठेवावा. एका प्लगची तार काढून या प्लगला लावावी, प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या धातूला टेकवून ठेवावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. निळसर, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी किंवा नसेल तर दोष विजेचा. तार हातात धरू नये, जबर झटका बसतो. आसपास पेट्रोल सांडले असेल, किंवा गाडीला गॅसचे किट असून गॅसचा वास येत असेल, तर ही तपासणी अजिबात करू नये.

तिसरी: पेट्रोल. ही तपासणी वेगळी, इंजिन आणि चावी बंद ठेवून, विडी-सिगारेट दूर ठेवून करावी. मारुती व्हॅनसारख्या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असते. १९८४ साली आलेली ही तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची गाडी २०१९ सालापर्यंत बनत होती, त्यामुळे ही मांडणी आपल्याकडच्या बहुतेक मिस्त्र्यांना पाठ आहे. सीट उचलून एअर फिल्टरचे झाकण काढावे. कार्बोरेटरच्या तोंडात पाहत अ‍ॅक्सिलरेटरची तार हाताने एकदाच ओढावी. पेट्रोलची बारीक धार उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. धार आलीच नाही तर पेट्रोल येत नाही असे समजून टाकीपर्यंत मागे जावे.

चौथी: टाकीचे झाकण उघडावे. फुस्स असा आवाज येऊन हवा आत ओढली गेली आणि नंतर गाडी लगेच चालू झाली, तर टाकीला श्वास घ्यायला वाट नाही. हे झाकण या कामात किती महत्त्वाचे आहे, ते आम्हाला फार उशिरा कळले.

ज्यांच्या गाडीला गॅसचे किट आहे त्यांच्या हाती आणखी एक सोपी कसोटी आहे. गाडी पेट्रोलवर बंद पडते आणि गॅसवर पडत नाही, तर दोष पेट्रोलच्या वाटेत आहे. दोन्हींवर पडत असेल तर ठिणगी किंवा हवेकडे पाहावे. खर्च शून्य.

नंतरच्या गाड्या आणि आताचे पेट्रोल

कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलेल्या गाड्यांत तत्त्व हेच, सामान वेगळे. तेथे टाकीतला विजेचा पंप, त्याचा रिले आणि इंजिनचे फिरणे मोजणारा क्रँक सेन्सर पाहावा लागतो. हा सेन्सर तापल्यावर सोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो. चावी लावताच मागून दोन-तीन सेकंद पंपाचा घूं आवाज येतो का, ते ऐकावे. स्कॅनर लावण्याआधी बॅटरी काढू नये. काढली तर गाडीच्या स्मरणात असलेली खूण पुसली जाऊ शकते.

दुसरी बाब पेट्रोलची. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री आपल्या देशात २०२३ साली सुरू झाली आणि २०२५ सालापर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचले. इथेनॉल हवेतली ओल धरते, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, वायसर त्यासाठी बनलेले नसतात. म्हणून जुनी व्हॅन महिनोन्महिने उभी ठेवू नये. पाइप बोटाने दाबून पाहावेत. मऊ, चिकट किंवा तडकलेले असतील तर नव्या पेट्रोलला चालणारे पाइप टाकावेत. फिल्टरही पूर्वीपेक्षा लवकर बदलावा.

वहीने काय सांगितले

महिनाभरात आमच्या वहीत अकरा नोंदी झाल्या. जानेवारी २०१२ मध्ये ती वही घेऊन आम्ही पुन्हा उस्तादांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली.

आम्ही समजत होतो, दोष घाटात आहे. नोंद सांगत होती की मनमाडच्या रस्त्यावरही गाडी दोनदा बंद पडली, फक्त उशिरा. आम्ही समजत होतो, गरमीने कॉइल सोडते. पण सर्वांत जास्त नोंदी डिसेंबरच्या थंड पहाटेच्या होत्या. एक मिस्त्री म्हणाला होता, टाकीच्या तळाला कचरा आहे. तसे असते तर पेट्रोल कमी असताना त्रास वाढला असता. आमच्या वहीत उलटे होते. टाकी भरून निघालो त्याच दिवशी गाडी बंद पडे. टाकी अर्ध्याखाली असेल त्या दिवशी एकदाही नाही. परतीच्या वाटेवर, गाडी रिकामी, उतार, आणि मध्ये कुठेतरी दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकलेले, तेव्हाही नाही.

उस्तादांचे बोट आठव्या खान्यावर थांबले. पुतण्याने तेथे लिहिले होते: "सप्टेंबरमध्ये पेट्रोल भरताना टाकीचे झाकण हरवले. नवे कुलूपवाले घेतले, ६० रुपये."

ते उठले, झाकण काढून उजेडाकडे धरले आणि आमच्या हातात दिले. जुन्या झाकणात आत हवा घेणारा लहान वॉल्व्ह होता. या स्वस्त झाकणात कोठेही छिद्र नव्हते. टाकीला हवा मिळायची ती त्या झाकणातूनच. इंजिनने दोन-तीन लिटर पेट्रोल ओढले की तेवढी हवा टाकीत जायला हवी. ती वाट बंद झाली की टाकीत ओढ निर्माण होते आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. टाकी भरलेली असताना वर हवा थोडीच असते, म्हणून ओढ लवकर वाढते. चढावर भरलेली गाडी जास्त पेट्रोल पिते, म्हणून घाट. थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते आणि ती रिकामी जागा भरत नाही, म्हणून पहाट. दहा-पंधरा मिनिटे थांबले की झाकणाच्या फटीतून थोडी हवा झिरपायची आणि गाडी चालू व्हायची. अकराच्या अकरा नोंदी एका झाकणात बसल्या.

उस्तादांनी ओळखलेले लगेच खरे मानायचे नाही, तेही तपासायचे, असे त्यांनीच सांगितले. दुसऱ्या दिवशी टाकी भरून, माल भरून, तेच झाकण लावून पुतण्या निघाला. घाटात झटके सुरू होताच त्याने गाडी बाजूला घेऊन झाकण उघडले. फुस्स आवाज आला, टाकीचा दबलेला पत्रा टक् असा वाजला आणि गाडी लगेच चालू झाली. मग वॉल्व्हवाले झाकण बसवले, १८० रुपयांना. त्यानंतर त्या गाडीने आमच्याकडे चार वर्षे काम केले. त्या कारणाने ती पुन्हा कधी थांबली नाही.

येथे एक इशारा द्यायला हवा. हे वाचून कोणी झाकणाला खिळ्याने भोक पाडू नये. त्यातून पेट्रोल सांडते, वाफ बाहेर येते आणि आगीचा धोका होतो. गाडीला जे झाकण सांगितले आहे तेच घ्यावे.

उरलेला हिशेब

८,८९० रुपयांचा दोष १८० रुपयांत गेला. हा हिशेब दुकानाच्या वहीत लिहून मिटवता आला. दुसरा तसा मिटला नाही.

आम्ही त्या ड्रायव्हरच्या घरी गेलो. कापलेला पगार आणि वर एक महिन्याचा पगार पुढे ठेवला आणि माफी मागितली. तो तोपर्यंत दुसऱ्याच्या टेम्पोवर लागला होता. कापलेला पगार त्याने घेतला, जास्तीचा परत केला. म्हणाला, "सेठ, झाकण घेतले त्याच दिवशी मी तुम्हाला सांगितले होते, हे आपल्या गाडीचे नाही. तुम्ही म्हणालात, झाकण ते झाकण."

आम्ही तसे म्हणालो होतो. आम्हाला ते आठवत होते.

म्हणून बांधवांना एवढेच सांगणे आहे. गाडी मध्येच बंद पडू लागली तर एका वेळी एकच सामान बदला, आणि तेही तपासून बदला. त्याआधी वही ठेवा. आणि वही उघडण्याच्याही आधी, गाडी जो चालवतो त्याला समोर बसवून, चहा देऊन विचारा की काय होते आणि कधीपासून होते. तो दिवसभर त्या सीटवर असतो.